प्राचीन वास्तु कशी वाचावी?

आजच्या भाषणाचा आरंभ मी एका अपराधाच्या कबुलीनें करणार आहें. यवतमाळ जिल्ह्यांतील एका खेड्यांत मी पुष्कळ वर्षें शिक्षक होतों. मुलांना इतिहास शिकवितांना मिसरचे पिरॅमिड, ग्रीसचीं संगमरवरी देवळें, रोमचे घुमट हें सर्व मी फळ्यावर काढून दाखवीत असें. मुलें नांवें पाठ करीत, परीक्षेंत लिहीत आणि विसरून जात. आमच्या वर्गाच्या खिडकींतून गांवाबाहेरचें महादेवाचें जुनें, काळ्या दगडाचें देऊळ दिसे. त्याच्याकडे बोट करून मी एक वाक्यहि कधीं बोललों नाहीं. एवढ्यावरच थांबतों तर त्याला आळस म्हणतां आलें असतें. परंतु एका वर्षीं गांवकऱ्यांनीं देवळाच्या रंगरंगोटीसाठीं श्रमदान मागितलें, तेव्हां मीच चाळीस मुलें बरोबर घेऊन गेलों आणि त्या देवळाला आंतून बाहेरून तैलरंगाचे दोन हात दिले. खांब निळे झाले, छत पिवळें झालें, दारावरच्या मूर्तींना तांबडे ओठ आले. गांवानें कौतुक केलें आणि मींहि तें संतोषानें घेतलें.

सेवानिवृत्त झाल्यावर वाचनास सवड मिळाली. जगांतील जुन्या इमारतींविषयीं वाचतां वाचतां हळूहळू ध्यानांत आलें कीं, मिसर आणि ग्रीस येथील वास्तु समजावून घेण्यासाठीं जें प्रात्यक्षिक मला हवें होतें, तें माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेरच उभें होतें. आणि तें मुलांना दाखवावयाचें सोडून मीं मुलांच्याच हातून झांकून टाकलें होतें.

म्हणून आज सांगावयाचें आहे तें इतकेंच. प्राचीन जगाच्या कलेचा अभ्यास नांवांपासून आणि सनावळीपासून सुरू करूं नये. आपल्या जवळच्या एखाद्या जुन्या इमारतीपुढें उभें राहून तिला कांहीं साधे प्रश्न विचारावयास शिकावें. तेच प्रश्न पुढें नाईल नदीच्या कांठीं, अथेन्सच्या टेकडीवर किंवा इराकच्या मैदानांत उपयोगीं पडतात. उत्तरें मात्र प्रत्येक ठिकाणीं निराळीं मिळतात, आणि त्या निराळेपणांतच खरा अभ्यास आहे.

जवळची इमारत शोधावयास आमच्या जिल्ह्यांत दूर जावें लागत नाहीं. खुद्द यवतमाळांत केदारेश्वराचें देऊळ आहे. शहराला आतां लागूनच गेलेल्या लोहारा येथें कमलेश्वराचें आहे. वणी तालुक्यांत नदीकांठीं जुगादचें शिवालय आहे. पैनगंगा ओलांडली कीं माहूरचीं पांडवलेणीं लागतात. काळ्या दगडाच्या अशा देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतों. येथेंच पहिली सावधगिरी बाळगावयास हवी. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्रि पंडित, हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला पुरुष. परंतु याच नांवानें ओळखलें जाणारें अंबरनाथचें शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील आहे असें तेथला शिलालेखच सांगतो. हेमाडपंताच्या दोनशें वर्षें आधीं ही पद्धत पूर्ण वाढलेली होती. बांधणारे कारागीर विस्मरणांत गेले आणि एका विद्वान् मंत्र्याचें नांव मागें राहिलें.

लोकांची रीतच अशी आहे. मोठें काम दिसलें कीं तें मोठ्या नांवावर चढवावयाचें. माहूरचीं लेणीं पांडवांनीं खोदलीं नाहींत, तरी नांव पांडवांचें. ग्रीस देशांत मायसीनी नगराच्या कोटाचे अवजड दगड पाहून पुढच्या काळच्या ग्रीकांना वाटलें कीं, हें माणसाचें काम नव्हे. सायक्लोप्स नांवाच्या एकाक्ष राक्षसांनीं हे कोट रचले असावेत. त्याच नगराजवळ इ. स. पूर्वीं तेराव्या शतकांतली एक घुमटाकार वास्तु आहे. तिला 'अट्रियसचा खजिना' म्हणतात. वास्तविक तो खजिना नव्हे, तें एक थडगें आहे. तेव्हां इमारतीचें नांव ऐकावें, पण तिची साक्ष तिच्या दगडांतूनच घ्यावी.

पहिला प्रश्न असा विचारावा कीं, बांधणाराच्या हाताशीं कोणतें सामान होतें? आमच्या जिल्ह्याचा बराच भाग प्राचीन लाव्हारसाच्या थिजलेल्या थरांवर वसलेला आहे. त्याचाच तो काळा फत्तर. वणीच्या बाजूला मात्र भूमि बदलते आणि चुनखडी व कोळसा लागतो. काळा फत्तर घडविण्यास कठीण, परंतु एकदां घडविला कीं त्याची धार शतकानुशतकें टिकते. म्हणूनच आपल्याकडील खांबांच्या कडा आजहि स्पष्ट दिसतात. मिसर देशाला चुनखडीचा दगड राजधानीजवळ, वालुकाश्म दक्षिणेकडे आणि ग्रॅनाईट त्याहूनहि दक्षिणेस अस्वानजवळ मिळाला. आणि तो वाहून आणावयास नाईलसारखी नदी मिळाली. अथेन्सच्या लोकांना जवळच्याच पेंटेली डोंगरांत संगमरवर मिळाला. इराकच्या सुपीक मैदानांत मात्र दगडहि नाहीं आणि चांगलें लांकूडहि नाहीं. तेथें होती ती चिखलमाती, वेत आणि जमिनींतून पाझरणारें डांबर. एवढ्याच सामानांतून ऊर नगराच्या उर-नम्मु राजानें इ. स. पूर्वीं सुमारे २१०० च्या सुमारास चंद्रदेवाचें पायऱ्यापायऱ्यांचें उंच पीठ उभारलें. गाभा कच्च्या विटांचा, बाहेरचें कवच भाजक्या विटांचें, आणि त्या विटा सांधल्या डांबरानें. आंतल्या मातींत मुरलेली ओल बाहेर पडावी म्हणून कवचाला जागोजाग छिद्रें ठेवलेलीं आहेत. दगड नाहीं म्हणून ते लोक मागें राहिले नाहींत. त्यांनीं मातीचा स्वभाव ओळखला.

सामानाचा हा प्रश्न आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवितो. आमच्या जिल्ह्यांत उत्तम सागवान पूर्वींपासून होतें. घराची मयाल सागाची, भिंती मातीच्या, वर कवेलू. ही आमची घरबांधणी. मग देऊळच तेवढें दगडाचें कां? कारण माणसाचें घर एका-दोन पिढ्यांपुरतें, आणि देवाचें घर कायमचें, अशी ती कल्पना होती. मिसरमध्येंहि हेंच आढळतें. मंदिरें आणि थडगीं दगडाचीं. राजवाडे मात्र कच्च्या विटांचे. त्यामुळें काळाच्या ओघांत देवांचीं घरें उरलीं आणि माणसांचीं विरघळून गेलीं. आणि जुने लोक जणूं देवपूजेखेरीज कांहीं करीतच नव्हते असा आपला गैरसमज झाला.

विरघळलेलीं घरें कोठें सांपडतात? गांवाच्या पांढरींत. पिढ्यानुपिढ्या मातीचीं घरें पडावींत, त्यांच्यावरच नवीं उठावींत, राख आणि खापरें सांचत जावींत, आणि अखेर जमिनीपेक्षां उंच असें पांढुरक्या मातीचें टेकाड व्हावें. त्यालाच आपण पांढरी म्हणतों. इराकांत अशा टेकाडाला 'तेल' म्हणतात. ऊर नगर असेंच एका टेकाडाखालीं होतें, आणि लिओनार्ड वूली यांनीं १९२२ ते १९३४ पर्यंत तेथें खोदकाम केलें. आमच्याच जिल्ह्यांत बाभुळगांव तालुक्यांतील पाचखेड येथें अशा एका टेकाडाचें उत्खनन २०२३-२४ सालीं नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानें केलें. तेथें मातीचीं भांडीं, लोखंडी वस्तु, मणी आणि घरांचे अवशेष मिळाले. सर्वांत खालची वस्ती लोहयुगांतील, सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींची ठरली. म्हणजे अथेन्सचीं प्रसिद्ध संगमरवरी देवळें उभीं राहण्याच्या कितीतरी आधीं या काळ्या मातींत माणसें घर बांधून राहत होतीं. अशा एखाद्या पांढरीची माती आपण खत म्हणून शेतांत नेऊन टाकतों, तेव्हां काय जातें याचा विचार करावा.

दुसरा प्रश्न हा वास्तुकलेचा कणा होय: दोन भिंतींमधील किंवा दोन खांबांमधील मोकळी जागा वरून कशी झांकली? जोंधळ्याचा धांडा दोन्ही टोकांस धरून मधोमध दाबला तर तो वांकतो. वांकतांना त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लांकडाला हा ताण सोसतो. दगडाला दाब कितीहि सोसतो, पण ताण सोसत नाहीं; खालच्या अंगास चीर पडते आणि तुळई मोडते. म्हणून दगडी तुळई फार लांब करतां येत नाहीं. एवढें समजलें कीं मिसरच्या कर्नाक मंदिराच्या मोठ्या सभागृहांत १३४ खांब कां आहेत याचा उलगडा होतो. मधले बारा खांब सुमारें २१ मीटर उंच आहेत. पाहणाराला तें खांबांचें अरण्य वाटतें. त्यांत वैभवाची हौस होतीच. परंतु दगडाचें छत हवें असेल तर खांब जवळजवळ असणें भागच होतें. ग्रीकांनीं बाहेरचे खांब आणि तुळया दगडाच्या केल्या, पण छपराला लांकूड वापरलें. म्हणून त्यांचीं दालनें आंतून अधिक मोकळीं राहिलीं.

आमच्या देवळांच्या कारागिरांनीं यावर काय तोड काढली? प्रथम त्यांनीं खांबाच्या माथ्यावर चोहों बाजूंस पुढें आलेले हस्त बसविले. त्यायोगें तुळईचें उघडें अंतर कमी झालें. मग चार तुळयांच्या चौकोनावर प्रत्येक कोपऱ्यांत एकेक तिकोनी शिळा आडवी ठेवली. मध्यें उरला तो तिरपा, लहान चौकोन. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हां तशाच चार शिळा ठेवल्या; आणि अखेरीस उरलेलें भोंक कमळ कोरलेल्या एकाच शिळेनें बंद केलें. आपल्या मुली रांगोळींत चौकोनांत चौकोन काढतात, तीच ही आकृति. यांतलें गणित पहा. चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदु जोडले कीं आंतील चौकोनाचें क्षेत्रफळ बरोबर निम्में होतें. बारा फुटांचा चौकोन असेल तर दोन फेऱ्यांत तो सहा फुटांचा होतो. बारा फुटांची अखंड शिळा चढवावयाची गरजच उरली नाहीं. हीच युक्ति अफगाणिस्तानांत बामियानच्या लेण्यांच्या छतांत कोरलेली आहे आणि काश्मिरांत पांद्रेठणच्या देवळांतहि आहे. मायसीनीच्या त्या थडग्यांत दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षां किंचित् आंत सरकवीत नेऊन १४.५ मीटर व्यासाचा घुमट मिटविला आहे. त्याच्या दारावरची आडवी शिळा सुमारें १२० टनांची आहे. आंतल्या बाजूनें थर सरकवीत नेण्याचें हें तत्त्व आपल्या शिखरांच्या पोटांतहि आहे.

रोमन लोकांनीं निराळा मार्ग धरला. कमानींत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो. ताण कोठेंच उरत नाहीं. या तत्त्वाला चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या कालव्याची जोड देऊन त्यांनीं दुसऱ्या शतकांत, हेड्रियन बादशहाच्या काळीं, पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट एकहि खांब मध्यें न घेतां उभारला. यावरून कोणी म्हणतील कीं, आमच्या कारागिरांना कमान ठाऊक नव्हती. तसें नाहीं. उत्तर प्रदेशांत भितरगांव येथील गुप्तकालीन विटांच्या देवळांत खरी कमान आहे. माहीत असलेली गोष्ट न वापरणें हीहि एक निवड असते. तुळईचा भार सरळ खालीं येतो. कमानीचा भार बाजूंना रेटा देतो आणि तो रेटा सोसावयास जाड भिंत लागते. आपल्या कारागिरांनीं दगडाला दगडाच्या वजनानेंच स्थिर ठेवण्याची वाट पत्करली. चुना न घालतां, खांच आणि खुंटी यांनीं सांधलेल्या त्या शिळा सातआठशें वर्षें जागच्या जागीं आहेत.

तिसरा प्रश्न थोडा गमतीचा आहे: या दगडाला कशाची आठवण आहे? नवें सामान हातीं आलें तरी हात जुन्याच वळणानें चालतो. मिसरमध्यें सक्कारा येथें जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडभोंवतालचे दगडी खांब पहा. वेताच्या मोळ्या बांधून उभ्या कराव्यात तसे ते घडविले आहेत. इ. स. पूर्वीं सुमारें २६५० सालचें हें काम. त्या आधींच्या वेताच्या खांबांची ती आठवण. ऑलिंपिया येथील हेरादेवीच्या देवळाचे मूळचे खांब लांकडाचे होते. ते जसजसे कुजत गेले तसतसे एकेक करून दगडाचे बसविले गेले. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत पॉसेनियस नांवाचा प्रवासी तेथें गेला, तेव्हां मागल्या दालनांतला ओकचा एक खांब अद्याप उभा होता. आपल्याकडे कार्ल्याचें चैत्यगृह डोंगरांत कोरलेलें. सुमारें १२४ फूट लांबीच्या त्या दालनाच्या अर्धगोल छताला आधाराची गरज मुळींच नाहीं, कारण वर अखंड डोंगर आहे. तरीहि त्या छताला सागवानी फासळ्या बसविल्या आहेत आणि दोन हजार वर्षांनंतर त्यांतल्या कित्येक आजहि तेथें आहेत. खरें चैत्यगृह म्हटलें कीं तें लांकडी फासळ्यांचेंच असावयाचें, ही समजूत कारागिरांच्या मनांत होती. वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांत कृष्णराज राष्ट्रकूटाच्या काळीं वरून खालीं कोरीत आणलें. तेथील खांबांवर तुळया ठेवलेल्या नाहींत. डोंगरांतून सुटा न केलेला तो एकच दगड आहे. तरी खांब, हस्त आणि तुळई हे सर्व बांधीव देवळाप्रमाणें दाखविले आहेत. माहूरच्या लेण्यांत गेलांत तर खांबाला हात लावून स्वतःस विचारा, हा भार तोलतो कीं भार तोलल्याचा भास देतो?

चौथा प्रश्न माणसांचा. ही वास्तु कोणासाठीं आणि कोणाच्या हातांनीं? उजेड कोठवर येतो हें पाहिलें कीं पहिला अर्धा भाग सुटतो. ग्रीकांचा यज्ञविधि देवळाबाहेरच्या वेदीवर होई. लोक बाहेर जमत. म्हणून त्यांची शिल्पकला बाहेरच्या अंगास फुलली. कर्नाकला उंच झरोक्यांतून मधल्या मार्गावर उजेड पडतो आणि आंत जावें तसा अंधार वाढतो. सामान्य प्रजेला तेथें प्रवेशच नव्हता. आपल्या देवळांत सभामंडप उजळ, अंतराळ मंद आणि गाभारा काळोखा. भक्त एकेकटा आंत जातो, बाहेर येतो आणि प्रदक्षिणा घालतो. म्हणून मूर्तींच्या ओळी बाहेरच्या भिंतीवर, चालणाराच्या डोळ्यांपुढें मांडल्या आहेत. पूजेची रीत कळली कीं नकाशा कळतो.

हातांविषयीं कागदोपत्रीं पुरावा कमी, पण जो आहे तो मोलाचा आहे. अजिंठ्याचें सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें करविलें, असें तेथील लेख सांगतो. या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आमच्या शेजारचें वाशीम. कार्ल्याच्या कांहीं खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनीं ते दान दिल्याचे लेख आहेत. अथेन्सच्या एरेक्थिऑन देवळाच्या हिशेबाच्या शिळा सांपडल्या आहेत. त्यांवरून दिसतें कीं, नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम या सर्वांच्या कामाचा दर दिवसाला एक द्राख्मा असा सारखाच होता, मग गुलामाचा द्राख्मा त्याच्या धन्याच्या पेटींत जात असेल ही गोष्ट निराळी. मिसरमध्यें राजांचीं थडगीं कोरणाऱ्या कारागिरांनीं तिसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीच्या २९ व्या वर्षीं धान्याचा शिधा थकला म्हणून काम बंद पाडलें. लेखी नोंद असलेल्या संपांत हा बहुधा सर्वांत जुना. एवढ्या मोठ्या राजांच्या कीर्तीमागें शिध्याची वाट पाहणारा पाथरवट बसला होता, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत मीं मुलांना कधीं सांगितली नाहीं.

आतां पुन्हां माझ्या तैलरंगाकडे येतों, कारण शेवटचा प्रश्न तोच आहे: या वास्तूला पुढें कोणाचे हात लागले? १६८७ सालीं अथेन्सच्या पार्थेनॉनमध्यें तुर्कांनीं दारू सांठविली होती. व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला आणि दोन हजार वर्षें टिकलेलें देऊळ मधोमध फाटलें. ही शत्रूची करणी. परंतु मित्रांची करणी पहा. त्याच देवळाचीं शिल्पें लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. १९३७-३८ सालीं नव्या दालनासाठीं तीं 'स्वच्छ' करावयाचें ठरलें, आणि संगमरवर पांढराशुभ्र दिसावा म्हणून कामगारांनीं तांब्याच्या हत्यारांनीं तो खरवडला. ग्रीक शिल्प पांढरें असतें अशी लोकांची समजूत होती. वास्तविक तें एके काळीं रंगविलेलें असे. शतकांचा पृष्ठभाग गेला तो गेला. त्यांनीं खरवडलें, मीं लिंपलें. हेतु दोघांचाहि चांगलाच होता.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे. प्राचीन लोकहि रंग देत होते, मग आम्हीं दिला तर काय बिघडलें? वेरूळच्या कैलासावर गिलावा आणि रंग यांचे अवशेष अजून आहेत. त्याला रंगमहाल म्हणत तें उगाच नव्हे. परंतु तो रंग ज्यानें शिल्प केलें त्याच्या योजनेंतला होता, आणि त्याचे उरलेले कण हाच आज आपला पुरावा आहे. आपला तैलरंग त्या कणांवरच चढतो. शिळांचे सांधे भरून जातात, टांकीचे घाव बुजतात, पुसट अक्षरें असतील तर तीं कायमचीं झांकलीं जातात. शिवाय दगडांत आणि सांध्यांत मुरलेली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. ऊरच्या राजाला कच्च्या विटांसाठीं छिद्रें ठेवण्याचें सुचलें, आणि चार हजार वर्षांनीं आम्ही तीं छिद्रें बुजवावयास निघालों. शासनानें संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या स्मारकांना कायद्याचें छत्र आहे. महाराष्ट्राचा त्याविषयींचा कायदा १९६० चा आहे. पण खेड्यापाड्यांतील कितीतरी देवळें कोणत्याच यादींत नाहींत. त्यांचें रक्षण गांवच्या समजुतीवर अवलंबून आहे, आणि गांवाची समजूत बरीचशी शाळामास्तरावर अवलंबून असते.

म्हणून श्रोत्यांना कांहीं व्यवहाराच्या सूचना करून संपवितों. एखाद्या रविवारीं मुलांना घेऊन जवळच्या जुन्या देवळाला जा. सकाळीं किंवा उतरत्या उन्हांत जा. तिरपा प्रकाश पडला कीं पुसट कोरीवकाम वर येतें, भर दुपारीं तें दिसत नाहीं. बरोबर वही, पेन्सिल आणि मापाची फीत असावी. फोटो काढण्यापूर्वीं जमिनीचा नकाशा हातानें काढा. रेघा वांकड्या आल्या तरी चालतील. काढतांना जें दिसतें तें नुसतें पाहतांना दिसत नाहीं. दर्शन झाल्यावर मान वर करून छत पहा आणि चौकोनांच्या फेऱ्या मोजा. अक्षरें आढळलीं तर त्यांत खडू किंवा तेल भरूं नका. तिरप्या उजेडांत त्यांचा फोटो घेऊन पुरातत्त्व विभागाला कळवा. नागपूरला गेलांत तर १८६३ सालापासूनचें मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजबबंगला, चुकवूं नका. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत तर प्राचीन असुर देशाच्या राजवाड्यांतील कोरीव शिळा प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. आणि देवळाच्या रंगासाठीं कोणी वर्गणी मागावयास आलें तर तिला नाहीं म्हणूं नका. ती वर्गणी शिखरावर उगवलेले पिंपळाचे रोप जाणकाराकडून काढविण्यास आणि पावसाचें पाणी जोत्यापासून दूर नेणारी नाली बांधण्यास द्या. देवाची सेवा तीहि आहेच.

गेल्या पावसाळ्यानंतर मी त्या खेड्याला जाऊन आलों. मुलांना सांधा दाखवावा म्हणून सगळे देऊळ फिरलों. सर्वत्र निळा रंग. अखेर गाभाऱ्याच्या मागें, अभिषेकाचें पाणी बाहेर पडतें त्या गोमुखाखालीं, हातभर जागा कोरी सांपडली. तेथें आमच्या मुलांचा कुंचला पोंचला नव्हता. दोन शिळांच्या मधली रेघ इतकी बारीक कीं तींत नखहि शिरेना. आतां त्या शाळेंत मी कधीं गेलों म्हणजे मुलांना प्रथम तेथें नेतों, त्या रेघेवरून बोट फिरवावयास सांगतों, आणि बाकीच्या भिंतीला काय झालें तेंहि सांगतों. मग वर्गांत येऊन पिरॅमिडाचा धडा काढतों.